मदत हवी आहे : संवाद लिहून द्यावेत की कलाकारांवर सोडावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र मिळून तासाभराची फिल्म करतोय. पैसे खिशातले, लोकेशन एकाचा भाड्याचा फ्लॅट. गोष्ट म्हणाल तर दोन रूममेट, त्यातल्या एकाचं लग्न ठरलंय आणि तो खोली सोडणार. बस्स, एवढीच.

डोळ्यासमोर आहेत अमेरिकेतले 'मम्बलकोअर' (कमी पैशांत केलेले, साध्या गप्पांवर चालणारे) चित्रपट. अँड्र्यू बुजाल्स्कीचा 'फनी हा हा' (२००२), ड्युप्लास बंधूंचा 'द पफी चेअर' (२००५) वगैरे. माणसं अर्धवट बोलतात, एकमेकांना तोडतात, मुद्दा सोडून बाकी सगळं बोलतात. बघताना सगळंच आयत्या वेळचं वाटतं, पण बुजाल्स्की चक्क पटकथा लिहितो! उलट दिग्दर्शक जो स्वॉनबर्गने 'ड्रिंकिंग बडीज' (२०१३) संवाद न लिहिताच केला. लिन शेल्टनच्या 'हम्पडे'तही (२००९) बरंचसं बोलणं कलाकारांनीच उभं केलंय.

आमचे दोघे एकांकिका स्पर्धांत तयार झालेले. ओळी हातात दिल्या की आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत. नाही दिल्या तर शांतता सोसत नाही. तालमीत लाइट बिलाच्या वाटणीचा प्रसंग होता. एकाने नुसतं बिल बघत बसायचं होतं. दुसऱ्याने लगेच पंच टाकला, पहिल्याने त्यावर कडी केली आणि झालं स्किट. कट म्हटल्यावर मात्र तोच पहिला बिल उलटंसुलटं करत पुटपुटला, "पण गीझर कोण चालू ठेवतं रे?" मला नेमकं हेच हवंय.

तर प्रसंगाचा आराखडा कितपत बांधून द्यावा? मी दोघांना वेगवेगळं सांगायचं म्हणतोय, एकाला काय हवंय ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. कोणी असं केलंय का?

दुसरी अडचण एडिटची. कॅमेरा एकच. प्रत्येक टेकला वाक्यं बदलणार, मग क्लोजअप जुळवायचे कसे? दोघांना लेपल माइक (कॉलरला लावायचा छोटा माइक) लावून वेगळे ट्रॅक घेतले, तरी एकमेकांवर चढलेलं बोलणं कापता येतं का? (चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा म्हणाल, पाहिलाय. पण तिथे कॅमेरा लांब, स्थिर. कटचा प्रश्नच वेगळा.)

शूटिंग दिवाळीनंतर आहे. 'आधी शॉर्टफिल्म करा' हा सल्ला घरूनच मिळालाय, तेवढा सोडून काहीही सांगा.