"झिंक-जिवाणू सगळा धंदा" म्हणणाऱ्या भावाला उत्तर

हळदवाला_समुद्रपूर:
परवा इथं एका भावानं लिहिलं, "हळदीला शेणखत टाका, झिंक-जिवाणू सगळा धंदा आहे." जिवाणू म्हणजे दुकानात डब्या-बाटलीत मिळणारी जिवंत जिवाणू-बुरशीची खतं-औषधं. वायगाव हळदीच्या पट्ट्यात राहून हे वाचून राहवलं नाही. आपली काळी चुनखडीची जमीन, सामू (पीएच) ८ च्या वर. जस्त (झिंक), लोह मातीत असतं, मुळाला लागत नाही. कोवळं पान पिवळं अन् शिरा हिरव्या, ती लोहाची भूक. तिथं युरिया फेकून काय होणार? कोझिकोडच्या मसाला संशोधन संस्थेनं हळदीसाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण काढलं, लिटरला ५ ग्रॅम फवारायचं. ते काय उगाच?

शेणखत_जिंदाबाद:
ते माझंच पोस्ट. तुमी पुस्तक सांगता, मी वावर सांगतो. कंद सडू नये म्हणून तीन वर्षं ट्रायकोडर्मा टाकलं, कंदकूज आलीच. अर्धं बेणं सडलं.

भिवापुरी_मिरची:
दादा, बेणं कशात बुडवलं होतं?

शेणखत_जिंदाबाद:
कार्बेन्डाझिममध्ये. त्याच पाण्यात ट्रायकोडर्मा.

भिवापुरी_मिरची:
अहो, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीच आहे, अन् तुम्ही तिला बुरशीनाशकात बुडवलं. तुमच्याच शेणखतात, १०० किलोला १ किलो, सावलीत ओलं ठेवून मुरवायचं होतं.

शेणखत_जिंदाबाद:
ताई, हे दुकानदारानं सांगावं ना! डबा मी मागितलाच नव्हता. युरियाच्या बॅगमागं गळ्यात मारला.

कास्तकार_हिंगणघाट:
यालाच लिंकिंग म्हणतात, खतासोबत नको ते घ्यायला लावायचं! माझ्याही गळ्यात जिवाणूच्या दोन बाटल्या. नाही म्हटलं तर "युरिया संपला." ऐन पावसात कुठं जाणार माणूस?

वरोऱ्याचा_बापू:
अन् त्या बाटल्या मे महिन्यात टिनाखाली तापलेल्या. ४५ डिग्रीत जिवाणू काय जिवंत राहते? पावती मागा, मुदत पाहा, तक्रार करा.

कास्तकार_हिंगणघाट:
तक्रार केली बापू. पुढच्या वर्षी उधारी बंद. पोराच्या फीचे पैसे रोखीच्या खतात गेले. तुम्हाला बोलायला काय जाते?

वरोऱ्याचा_बापू:
माझंही कपाशीचं वावर आहे, मलाही उधारीच लागते. आवाज चढवू नका.

हळदवाला_समुद्रपूर:
दुकानदाराचं पाप जिवाणूच्या माथी का? अन् झिंक सल्फेट डीएपी खतात मिसळून टाकणारे किती आहेत इथं? डीएपीतला स्फुरद (फॉस्फरस) झिंकला बांधून टाकतो, मग म्हणता झिंक लागू पडत नाही.

शेणखत_जिंदाबाद:
डीएपीत मी पण मिसळलं होतं. ठीक हाय. माती तपासतो, यंदा दोन सऱ्यांत झिंक वेगळं टाकून पाहतो. पण शेणखताबद्दलचं मागं घेणार नाही.

भिवापुरी_मिरची:
ते कोणी घ्यायलाच लावलं नाही, दादा. शेणखत नसलं तर ते जिवाणू खातील काय?

कास्तकार_हिंगणघाट:
अन् त्या दोन बाटल्यांचं काय करू, ते कोणी सांगा.