वेटलिफ्टिंगचा कोच व्हायचंय : पतियाळा, एस अँड सी की पोलीस भरती?

मिरजकर_६१
नमस्कार मंडळी. वय २४, बी.पी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठापर्यंत ६१ किलो गटात खेळलो. उजवं मनगट आता क्लीनला (बार उचलून खांद्यावर झेलायला) साथ देत नाही, त्यामुळे खेळाडू म्हणून पुढे फार काही दिसत नाही. पण प्लॅटफॉर्म सोडवत नाही. २०२२ ला संकेत सरगरने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य आणलं (कोपर दुखावलं आणि सुवर्ण एका किलोने गेलं!), तेव्हापासून आमच्याकडे बारकी पोरं वडिलांचा हात धरून व्यायामशाळेत येतात. त्यांना शिकवायला मजा येते.
कोचच्या डिप्लोमासाठी पतियाळाच्या एनआयएसला (राष्ट्रीय क्रीडा संस्थेला) जाऊ की स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंगचं (एस अँड सी, खेळाडूंची ताकद वाढवण्याचं) सर्टिफिकेट घेऊ? यात पोट भरतं का? घरचे म्हणतात, भरती दे आणि गप्प बस.

लोखंडवाला
पुण्यात ये, पर्सनल ट्रेनिंग कर. सर्टिफिकेट कुणी विचारत नाही, दंड बघतात.

अनघा_कोथरूड
लोखंडवाला यांचं निम्मं खरं आहे, म्हणूनच लिहायला बसले. मिरजकर, वयाने लहान आहेस, तू म्हणते.

मल्लेश्वरीनं सिडनीत २४० किलोंवर कांस्य जिंकलं तेव्हा मी शाळेत होते. बायकांचं वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये आलं तेच मुळी त्या वर्षी, २००० साली. पेपरातला तिचा फोटो बाबांपुढे ठेवून मी व्यायामशाळेची परवानगी काढली. पुढे राज्य स्पर्धा, पतियाळाचा वर्षाचा डिप्लोमा, एका शाळेत पीटी, मग बॅडमिंटनच्या पोरांची स्ट्रेंग्थ कोच. आता स्वतःची जागा आहे. सकाळी साठीच्या काकू आणि आयटीवाले, संध्याकाळी लिफ्टर पोरं. भाडं सकाळची बॅच भरते. संध्याकाळची बॅच माझ्या खिशातून जाते, पण तिच्याशिवाय सकाळी शिकवायला माझ्याकडे काही नसतं. पोट भरतं का, याचं माझं उत्तर एवढंच.

एनआयएस की सर्टिफिकेट? सरकारी कोचच्या जागांवर डोळा असेल तर पतियाळा. तिथला डिप्लोमा तिथे विचारतात. अकादमी, क्रिकेट संघ, परदेश असं डोक्यात असेल तर सीएससीएस, म्हणजे तू म्हणतोस ते एस अँड सीचं सर्टिफिकेट. त्याला पदवी लागते आणि परीक्षा दोन भागांत असते, एक शास्त्राचा, एक प्रत्यक्ष कामाचा. ही परीक्षा घेणारी अमेरिकन संघटना १९७८ ची. ती सुरू करणारा बॉइड एप्ली नेब्रास्का विद्यापीठात १९६९ ला पगारी स्ट्रेंग्थ कोच झाला. मूळचा पोल व्हॉल्टर, पाठ दुखावली म्हणून वजनांच्या खोलीत येऊन बसायचा. तुझ्या मनगटाला एवढा धीर पुरे.

पण दोन्ही कागद घेतलेस तरी तिसरी गोष्ट कुणी देत नाही, ती म्हणजे नजर. पोरगं स्नॅच (बार एका दमात डोक्यावर) घेऊन खाली बसतं आणि टाचा उचलल्या जातात. कोच ओरडतो, ‘टाच, टाच!’ पोराला काय कळणार? त्याला भिंतीपाशी ने. पायाचा अंगठा भिंतीपासून साधारण १० सेंटिमीटरवर, टाच जमिनीला, आणि गुडघा भिंतीला टेकवायला सांग. टेकला नाही तर घोट्यावर काम कर. टेकला तर घोट्याचा दोष नाही, बहुतेक वर खेचतानाच तो पुढच्या पंजावर जातोय किंवा हात लवकर वाकवतोय. बाहेरून चूक एकच दिसते, औषध वेगळं.

आणखी एक, आपल्या गावाकडच्या व्यायामशाळांत हमखास दिसणारी गोष्ट. रबरी प्लेट ४५० मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर वर राहतो. आपण १२ वर्षांच्या पोराला ५ किलोची लोखंडी ताटली लावून देतो. बार पार खाली जातो, ते पोरगं कंबरेतून वाकून उचलतं आणि आपण म्हणतो पाठ कच्ची आहे! वखारीतून दोन लाकडी ठोकळे आण, त्यावर ताटल्या ठेव. खरं तर जमिनीवरून सुरुवातच करू नकोस. आधी काठी, मग मांडीपासून, मग गुडघ्यापासून, आणि जमीन सगळ्यात शेवटी.

मीराबाई चानूचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट. रिओत २०१६ ला क्लीन अँड जर्कचा (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) एकही प्रयत्न मान्य झाला नाही, एकूण वजनच लागलं नाही. पुढच्याच वर्षी अनाहाइमला ती विश्वविजेती. मग पाठीने आणि खांद्याने छळलं. २०२० च्या शेवटी ती अमेरिकेला ॲरॉन हॉर्शिगकडे गेली. तो फिजिओथेरपिस्ट आणि स्ट्रेंग्थ कोच, स्वतः वर्षानुवर्षे वेटलिफ्टिंग खेळलेला, आणि आता स्क्वॉट कसा करावा हे जगाला शिकवतो. एप्रिल २०२१ ला ताश्कंदमध्ये तिनं क्लीन अँड जर्कमध्ये ११९ किलोंचा जागतिक विक्रम केला आणि टोकियोत एकूण २०२ किलोंवर रौप्य. इथे तिचे कोच विजय शर्मा सरांची वर्षानुवर्षांची मेहनत विसरायची नाही. त्यांनी लिफ्टर घडवली, दुसऱ्याने तिची हालचाल तपासली. कामं दोन, मुलगी एकच. ती अमेरिकेला गेली याचं कौतुक आपण पुष्कळ केलं. माझा प्रश्न असा आहे की खांदा नीट न उघडणारी मुलगी मनमाडला किंवा सांगलीला असेल तर ते बघणारं माणूस तालुक्यात का नसावं? तुला जागा तिथे आहे. पुण्यात दंड दाखवणारे खूप आहेत.

आणि पावडरचे डबे विकायचे नाहीत. कमिशन चांगलं मिळतं, मला माहीत आहे. डब्यात काय आहे ते लेबलवर असेलच असं नाही, आणि उत्तेजक चाचणीच्या नमुन्यात काही सापडलं तर नियमाप्रमाणे जबाबदार खेळाडूच.

तालीमवेडा_कोल्हापूर
ताई, राग मानू नका. आमच्या वस्तादांनी कुठली भिंत आणि कुठला सेंटिमीटर बघितला नव्हता. जोर, बैठका आणि करेल (फिरवायचं लाकडी मुद्गल), एवढ्यावर पैलवान घडले. हालचालीचं शिक्षण म्हणून आता तेच इंग्रजी नावानं विकताय.

अनघा_कोथरूड
राग नाही. करेल तर मी बॅडमिंटनच्या पोरांना खांद्यासाठी देतेच. पण तालमीतली बैठक चवड्यावर जाते. दम आणि मांड्या यांना उत्तम, कुस्तीला हवीच. स्नॅच झेलताना मात्र अख्खा तळवा जमिनीला लागतो. बैठकांवर वाढलेला पोरगा लिफ्टिंगला आला की सवयीने टाच उचलतो. वस्तादांचा काही दोष नाही हो, खेळ वेगळा आहे. आणि तुमचे वस्ताद नुसत्या नजरेने ओळखायचे ना, कोण कुठे लंगडतोय? मी तेच मागतेय.

फिजिओ_नाशिक
अनघाताईंशी बहुतांशी सहमत. दोन गोष्टी जोडतो. भिंतीची चाचणी चांगली, पण लांब मांडीच्या पोराचा स्क्वॉट आखूड मांडीवाल्यासारखा दिसणारच नाही. घोटा मोकळा असूनही तो पुढे झुकेल. त्याला दुरुस्त करत बसू नका, पायांमधलं अंतर बदलून बघा.
दुसरं, कोचनं निदान करायचं नाही. रात्री झोपमोड करणारं दुखणं, मुंग्या, सूज, हे दिसलं की आमच्याकडे पाठवा. मिरजकर, तुमच्या मनगटाचंही तेच. क्लीन झेलताना कोपर खाली राहत असतील तर सगळा भार मनगटावर येतो, आणि मूळ कारण पाठीच्या कडेचे किंवा दंडामागचे आखडलेले स्नायूही असू शकतात. कुणाला तरी दाखवलंय का?

मिरजकर_६१
दाखवलं नाही. बर्फ लावतो आणि पट्टी बांधतो.
ताई, खूप आभार. एक विचारायचं राहिलं. गावात एका शाळेची रिकामी खोली मिळतेय, मुख्याध्यापक तयार आहेत. फार पैसे नाहीत. आधी काय घेऊ?

अनघा_कोथरूड
आधी मनगट दाखव, बर्फ पुरे झाला. मग १५ किलोचा एक बार. तो २५ मिलिमीटर जाडीचा असतो, मुलींच्या आणि लहान मुलांच्या मुठीत बसतो. २० चा नंतर. १० किलोच्या रबरी प्लेटची एक जोडी, पूर्ण व्यासाची. बाकी वजनं जुनी चालतील. पाच-सहा काठ्या. खोलीची फरशी कशी आहे ते बघ. शहाबादी असेल तर प्लायवूड आणि रबर मॅट टाकल्याशिवाय बार टाकू देऊ नकोस, नाहीतर पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक खोली परत मागतील.
पतियाळाचा अर्ज भर, निवड होईपर्यंत ही खोली चालव. आणि भरतीचा अर्जही भरून टाक, घरात शांतता राहते.

लोखंडवाला
शहाबादीवर आमचा एक बार वाकलाय. ताईंचं ऐक.