लहान मुलांना उपासनेतून बाहेर का पाठवायचं?

मधली_रांग (धागाकर्ता)

जय ख्रिस्त. बऱ्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत एक पद्धत आता रुळली आहे. सुरुवातीची गीतं झाली की पाळक मुलांसाठी छोटी प्रार्थना करतात आणि मुलं रांगेनं शेजारच्या खोलीत जातात. वचनाचं वाचन, उपदेश, मध्यस्थीच्या प्रार्थना, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), आशीर्वाद हे सगळं मोठे आपापसांत करतात. मुलं पुन्हा दिसतात ती घरी निघताना.

मला ही पद्धत मान्य नाही. मुलांची जागा आईबापांच्या शेजारी, त्याच बाकावर आहे.

अनुवाद 31:12 मध्ये नियमशास्त्र वाचून दाखवायची वेळ येते, तेव्हा मोशे पुरुष, स्त्रिया, मुलंबाळं आणि वेशीच्या आतला परका, सगळ्यांना जमवायला सांगतो. योएल 2:16 मध्ये उपासाच्या सभेला अंगावर पिणारी बाळंसुद्धा हवी आहेत. पौलाची पत्रं मंडळीत मोठ्यानं वाचली जात, आणि इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो सरळ मुलांशीच बोलतो. आईबापांकरवी निरोप देत नाही. मुलं तिथं बसलेली असणार हे धरूनच त्यानं लिहिलं आहे.

'त्यांना काही कळत नाही' हा ठरलेला आक्षेप. मूल भाषा शिकतं ते घरातल्यांचं बोलणं कानावर पडून. आधी व्याकरण शिकवून मग कुणी त्याला बोलायला लावत नाही. उपासनाही तशीच अंगवळणी पडते. आमच्या पुढच्या बाकावर चारेक वर्षांची एक मुलगी आजीबरोबर बसते. वाचता येत नाही, गीतांचं पुस्तक कधी उलटंही धरलेलं असतं. पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली की पुस्तक खाली ठेवते, आजीचा हात धरते आणि 'आमची रोजची भाकर'पासून सगळ्यांच्या अर्धा शब्द मागे म्हणत जाते. 'ऋण' हा शब्द तिच्या जिभेवर नीट बसत नाही. 'आमेन' मात्र सगळ्यांच्या आधी येतं. शेजारच्या खोलीत हे तिला कोण देणार?

बालवर्ग_ताई

तळमळ पोहोचली, पण मी सहमत नाही. मी बालवर्ग घेते, म्हणजे तुमच्या मते मी मुलांना मंडळीपासून तोडण्याचं काम करते. हे मला लागलं.

तुम्ही सोयीची वचनं घेतलीत. आता नहेम्याचा आठवा अध्याय घ्या. एज्रा नियमशास्त्र आणतो ते पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजत होतं अशा सगळ्यांसमोर. लागोपाठच्या दोन्ही वचनांत हे समजणं आलं आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चाललं आणि लेवी लोकांमध्ये मिसळून अर्थ उलगडून सांगत होते. नुसतं कानावर पडणं तिथं पुरेसं मानलेलं नाही.

चाळीस मिनिटं नीतिमान ठरवलं जाण्यावर उपदेश चालू असतो तेव्हा पाच वर्षांचं मूल काय करतं? आईच्या पिशवीची चेन उघडतं, लावतं. आई डोळे वटारते. तेच मूल माझ्या वर्गात जक्कयाची, म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेल्या आणि फसवून घेतलेलं चौपट परत करीन म्हणणाऱ्या जकातदाराची, गोष्ट ऐकतं, खुर्चीवर चढून उंबराच्या झाडावर बसल्याचं दाखवतं आणि मला विचारतं, "ताई, चौपट परत द्यायला त्याच्याकडे पैसे उरले का?" मला त्यावर विचार करावा लागला. असा प्रश्न उपदेशाच्या मध्ये त्यानं कुणाला विचारायचा?

शांत_कोपरा

इथं कुणी न बोललेली बाजू मांडते. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे. आठवडाभर औषधं, कपडे, रात्रीची जागरणं. रविवारी दीड तास कुणीतरी घरी येऊन बसतं म्हणून मी उपासनेला येऊ शकते. पापकबुलीच्या आधी आमच्याकडे थोडा वेळ शांतता पाळतात. त्या वेळात मी देवाशी खरं बोलते.

गेल्या रविवारी तेवढ्या वेळात मागच्या बाकावरून किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. वडिलांनी उचलून बाळाच्या हातात दिला. पुन्हा पडला, पुन्हा दिला. मला बाळाचा राग नाही. मोठ्या माणसाला तो जुडगा खिशात घालावासा वाटला नाही, याचं वाईट वाटतं. सर्व काही शिस्तवार व्हावं असं 1 करिंथ 14:40 सांगतं. थकूनभागून आलेल्यांचीही ती उपासना आहे.

मधली_रांग

@शांत_कोपरा, तुमचं दुखणं खरं आहे आणि जुडग्याबद्दल मी तुमच्याच बाजूनं आहे. मूल आत असणं म्हणजे वाट्टेल ते चालवून घेणं नव्हे. आत ठेवायचं तर आईबापांनी ते काम म्हणून अंगावर घ्यायला हवं. आधी सांगायचं, कानात कुजबुजत समजावायचं, फारच झालं तर उठून बाहेर न्यायचं आणि शांत झालं की परत आणायचं. यातलं शेवटचं पुष्कळांकडून राहून जातं.

@बालवर्ग_ताई, वर्ग बंद करा असं मी म्हटलेलं नाही. माझा आक्षेप वेळेला आहे. रविवार शाळेची चळवळ जिच्यामुळे पसरली ती शाळा रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला सुरू केली. आठवड्याचे सहा दिवस कामावर जाणारी गरीब मुलं रविवारी मोकळी असत, त्यांना वाचायला शिकवायला आणि धर्मशिक्षण द्यायला. त्या मुलांचा दिवस कसा जायचा? सकाळी धडे, दुपारी पुन्हा धडे, मग सगळ्यांना चर्चमध्ये उपासनेला न्यायचं, आणि तिथून आल्यावर प्रश्नोत्तरीचं पाठांतर. ती शाळा मुलांना उपासनेत घेऊन जात होती. आपण तिचं नाव घेऊन त्यांना उपासनेतून बाहेर नेतो.

सक्तीचा_बाक

धागाकर्त्यांचं लिखाण वाचताना जुनं सगळं वर आलं.

मला आत बसवलं जायचं. हललं की मांडीला चिमटा, जांभई दिली की घरी गेल्यावर बोलणी. देव म्हणजे ज्याच्यासमोर हलायचं नाही असा कुणीतरी, हेच माझ्या मनात पक्कं झालं. मोठा झाल्यावर पहिली संधी मिळाली तेव्हा चर्चला जाणं थांबवलं. कित्येक वर्षांनी परत आलो ते एका मित्राच्या घरच्या प्रार्थनेमुळे, जिथं मला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

तुम्ही आजीचा हात धरणारी मुलगी दाखवलीत. ती आहे, मान्य. पण त्याच उपासनेत माझ्यासारखंही एक मूल असतं आणि ते 'शहाणं' दिसतं म्हणून कुणाच्या डोळ्यांत येत नाही. येशूनं बालकांना जवळ घेतलं त्या प्रसंगात, मार्कच्या दहाव्या अध्यायात, तो रागावतो तो शिष्यांवर. मुलांना त्यानं कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले. रांगेत बसवून प्रवचन ऐकवलं नाही.

तान्ह्याची_आई

सगळे 'आईबाप' म्हणताहेत. बाळ रडलं की उठतं कोण? आमच्याकडे तरी आईच. मूल झाल्यापासून मी उपासना व्हरांड्यात उभी राहून ऐकते. कर्ण्यातून पाळकांचा आवाज येतो, शब्द नीट येत नाहीत. आत माझा नवरा गीतं म्हणत असतो.

काही चर्चमध्ये मागे काचेची खोली असते. तिथंही बसून पाहिलं. सगळं दिसतं, आपण मात्र कशातच नसतो. प्रभुभोजन आत आणून देतात तेव्हा आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं वाटतं.

मला मूल आत हवं आहे. पण त्यासाठी आधी माना वळणं थांबायला हवं. एकदा एका अनोळखी मावशींनी न बोलता हात पुढे केला, बाळ घेतलं आणि मागे फेऱ्या मारल्या. त्या दिवशी पूर्ण उपदेश ऐकला. तत्त्वाच्या चर्चेपेक्षा अशा मावशी वाढवा.

कॅथलिक_वाचक

आमच्याकडचं थोडं सांगतो, कारण हा प्रश्न फक्त उपदेशाभोवती फिरतोय. मिस्साचा, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेचा, अर्धा भाग वचनविधी (बायबलवाचन आणि उपदेश), पुढचा अर्धा ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे प्रभुभोजनाचा. मुलांच्या मिस्सासाठी 1973 मध्ये व्हॅटिकननं मार्गदर्शिका काढली. मोठ्यांच्या मिस्साला आलेल्या मुलांसाठी वचनविधी जवळच वेगळ्या जागी, त्यांना कळेल असा घेता येतो आणि ख्रिस्तप्रसादाच्या विधीला ती मोठ्यांत परत येतात. त्याआधी 1910 मध्ये पोप दहावे पायस यांनी पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय साधारण सात वर्षांवर आणलं होतं. तोवर कित्येक ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांचं होईपर्यंत थांबवलं जायचं. साध्या भाकरीपासून ही भाकर वेगळी, एवढं मुलाला ओळखता आलं की पुरे, अशी त्यांची भूमिका होती.

आणि @तान्ह्याची_आई, पोप फ्रान्सिस यांनी 2014 च्या जानेवारीत सिस्टाइन चॅपेलमध्ये बाळांना स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देताना आयांना सांगितलं होतं की बाळ भुकेनं रडत असेल तर इथंच पाजा. तुम्हाला व्हरांड्यात उभं करणाऱ्यांना हे जरूर सांगा.

वेगळ्या_लयीचा_बाबा

माझा मुलगा स्वमग्न आहे. ढोल आणि कर्ण्याचा आवाज त्याला सहन होत नाही. कान झाकून तो स्वतःला मारून घेतो. 'प्रत्येक मूल आत' हा नियम झाला तर आमचं कुटुंब बाहेर पडेल. वेगळी खोली आम्हाला शिक्षा वाटत नाही, तिच्यामुळेच आम्ही मंडळीत टिकून आहोत. ठरवताना आम्हाला विचारा, इतकंच.

मधली_रांग

@वेगळ्या_लयीचा_बाबा, तुमच्या मुलासाठी खोली हवीच, आणि आवाज कमी करता येतो का हेही मंडळीनं बघायला हवं. माझा विरोध सरसकट सगळ्यांना बाहेर काढण्याला आहे.

@सक्तीचा_बाक, तुमच्या बाबतीत जे झालं तो अन्याय होता. चिमट्यानं मूल उपासना शिकत नाही, भीती शिकतं. पण म्हणून बाक टाळायचा, की चिमटा? माझ्या मते मुलांना आत ठेवणाऱ्या मंडळीनं आधी स्वतःची उपासना तपासायला हवी. तिच्यात मुलांनी करण्यासारखं काही आहे का? चौथ्या शतकाच्या अखेरीस इगेरिया नावाची यात्रेकरू यरुशलेमला गेली होती. संध्याकाळच्या उपासनेत डीकन (उपासनेतला सेवक) एकेक नाव घ्यायचा आणि प्रत्येक नावाला तिथं उभी असलेली पुष्कळ लहान मुलं 'प्रभू, दया कर' असं उत्तर द्यायची, हे तिनं लिहून ठेवलं आहे. झावळ्यांच्या रविवारी चालता न येणारी पोरं आईबापांच्या खांद्यावर असायची, हातात झावळी किंवा जैतुनाची डहाळी. मुलांकडे तिथं काम होतं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या तर आजही बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्याला प्रभुभोजन देतात.

आपल्याकडे एखादं वचन सहा वर्षांच्या मुलीनं वाचावं, अर्पणाची थैली मुलांनी फिरवावी, प्रत्येक उपासनेत त्यांना पाठ असलेलं एक गीत असावं. उपदेश पंचवीस मिनिटांवर आला तर मोठ्यांचंही काही बिघडणार नाही.

बालवर्ग_ताई

वाचन, थैली, गीत, तिन्हीला मी तयार आहे. प्रभुभोजनालाही मुलांनी आत असावं हे पटलं. घेत नसली तरी बघतील, आणि निर्गम 12:26 मध्ये मुलं विचारतात तसं, 'हे काय करता?' असं विचारतील.

एक गोष्ट या सगळ्यात कुणाच्याच लक्षात आली नाही. मुलं उपदेशाच्या वेळी माझ्याकडे असतात म्हणजे मीही बाहेर असते. आम्ही वर्ग घेणाऱ्या बहुतेक जणी वर्षानुवर्षं सलग उपासनेला बसलेल्या नाही. पाळ्या लावा म्हटलं की वडीलमंडळी मान हलवतात आणि पुढच्या रविवारी आम्हीच असतो. एका वर्गात दोन मोठी माणसं असावीत हा मुलांच्या सुरक्षेचा साधा नियमही माणसं नाहीत म्हणून मोडतो. मुलांच्या जागेबद्दल इतकं पोटतिडकीनं लिहिणाऱ्यांपैकी वर्गाच्या पाळीला कोण येणार आहे?

आणि तीन वर्षांखालच्यांबद्दल माझं मत तेच आहे. त्यांना धावायचं असतं, त्यांना धावू द्यावं. गीतांना आणि आशीर्वादाला आत, उपदेशाला माझ्याकडे.

मधली_रांग

पाळीला मी येतो, महिन्यातला एक रविवार माझा धरा. तीन वर्षांखालच्यांवर मात्र आपलं जमणार नाही, ताई. माझी धाकटी दोनची आहे, ती उपदेशालाही माझ्या मांडीवरच असेल. धावायला लागली तर मी उठेन.