पितळेचे पातेले शोभेला की चुलीला?

ओगराळे (चर्चाप्रस्ताव)

तांब्या-पितळेची हातघडणीची भांडी पुन्हा घरोघरी येऊ लागली आहेत, पण ती बहुधा दिवाणखान्यातच थांबतात. घंगाळात पाणी भरून त्यावर पाकळ्या सोडल्या जातात आणि आजीच्या चरवीत रोप लावले जाते. माझे मत स्पष्ट आहे : स्वयंपाकाचे भांडे घ्यायचे असेल तर ते रांधायला आणि वाढायला घ्यावे, नाहीतर घेऊ नये.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी एकदा बराच वेळ उभी राहून मठारकाम पाहिले. हातोड्याचे तोंड आरशासारखे घासलेले असते. लोखंडी खुंटावर भांडे फिरवत कारागीर एकेक ठोका असा देतो की तो आधीच्या ठोक्याला जेमतेम चिकटावा, आणि ठोक्यांची ही वर्तुळे बुडापासून काठाकडे सरकत जातात. आपण त्याला नक्षी समजतो. पण ठोकून धातू कठीण होतो, म्हणून त्या भांड्याचा पत्रा सहजी चेपत नाही. ही सारी मेहनत रोजच्या वापराचे धक्के सोसण्यासाठी आहे. जे भांडे कधी चुलीवर चढणारच नाही, त्याला ती कशाला हवी?

शिवाय पितळ स्टेनलेस स्टीलपेक्षा सुमारे सातपट चांगले उष्णता वाहते. माझ्या कल्हईच्या पातेल्यात आमटी एका जागी करपत नाही आणि खीर सावकाश, सगळीकडून सारखी आटते. आपण रांधणे सोडले म्हणून कल्हईवाला गेला, आणि कल्हईवाला गेला म्हणून रांधणे अवघड झाले. हे चक्र उलटे फिरवायचे असेल तर सुरुवात गिऱ्हाइकालाच करावी लागेल.

सांडशी

आपली कळकळ समजते, पण या प्रस्तावात भांडी घासणारे हात कुठेच दिसत नाहीत. आमच्या घरी सोळा माणसांचा स्वयंपाक पितळी भांड्यांत होत असे आणि ती चिंच-राखेने घासायचे काम आईचे आणि काकूचे असे. हिवाळ्यात त्यांच्या बोटांना भेगा पडत आणि त्या भेगांत चिंचेचे पाणी जाई. घरात स्टीलची भांडी आली त्या दिवशी काकूने पितळेची मोठी तपेली स्वतः उचलून मोडीत घातली. त्या तपेल्यांवर तिच्या लग्नाची तारीख कोरलेली होती, तरीही तिने ती घातली. परंपरा बुडाली म्हणून हळहळणाऱ्यांनी तिचा तो आनंदही मोजावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

दुसरा मुद्दा तब्येतीचा. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर, आणि कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळते. रिकामे पातेले गॅसवर दोन मिनिटे विसरले की थर उतरतो. मग त्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले की ते कळकते. आमच्याकडे अशा कळकलेल्या कढीने एकदा तीन मुले रात्रभर ओकत होती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेतही, कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवू नयेत, असे सांगितले आहे. त्यातून कथलात स्वस्तासाठी शिसे मिसळलेले असेल तर ते डोळ्यांना कळत नाही. आणि ज्यांच्या घरी इंडक्शनची शेगडी आहे, तिच्यावर पितळ तापतच नाही. शोभेला ठेवलेली चरवी निदान कोणाला आजारी पाडत नाही.

भाता

माझे सासर तांबटांचे आहे, म्हणून लिहिते. ओगराळे यांच्याशी मी मठाराच्या बाबतीत पूर्ण सहमत आहे, पण ‘नाहीतर घेऊ नये’ हे वाक्य वाचून वाईट वाटले. पाणी तापवायचे बंब हे आमच्याकडचे मोठे काम होते. गॅसचे आणि विजेचे गीझर आले आणि ते संपले. आज घरातला हातोडा चालू आहे तो दिव्यांच्या, कुंड्यांच्या आणि हॉटेलांतल्या वाढण्याच्या भांड्यांच्या मागणीवर. सासरे म्हणतात की हाताला रोज ठोका हवा, वस्तू कोणतीही असो. दोन वर्षे हात थांबला तर पोराला शिकवणार काय?

खरी अडचण मला वेगळीच दिसते. गिऱ्हाईक आजही भांडे वजनावर मागते. यंत्रावर ओढलेले पातेले आणि चार दिवस ठोकलेले पातेले एकाच काट्यावर चढले, तर आमची मजुरी कोणत्या पारड्यात घालायची? त्यातच यंत्राने ठशासारखे खळगे उमटवलेली भांडी ‘हातघडणीची’ म्हणून विकली जातात. ओळखायचे असेल तर उजेडात तिरपे धरून पाहावे. यंत्राचे खळगे एका मापाचे असतात आणि बहुधा बाहेरच्या अंगालाच शोभेसाठी असतात; हाताच्या ठोक्यांत कुठेतरी ओळ किंचित सरकलेली सापडतेच.

खापर

मी खानदेशातला आहे. आमच्याकडे पुरणाचे मांडे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजतात. मांडा दोन्ही हातांवर फिरवत मोठा करायचा आणि अलगद त्या घुमटावर टाकायचा. लोखंडी तव्यावर ती चव आणि तो मऊपणा येत नाही, म्हणून कुंभाराकडे खापर अजून मागितले जाते. कोणी ते भिंतीवर टांगत नाही. वापर असेल तर वस्तू टिकते, हे ओगराळे यांचे म्हणणे मला या अनुभवावरून पटते.

ओगराळे

सांडशी, तुमच्या काकूंबद्दल वाचून मी थांबले. माझ्या घरी पितळेची दोनच पातेली आहेत आणि ती मी व माझे यजमान आलटूनपालटून घासतो. सोळा माणसांच्या भांड्यांचा ढीग माझ्या वाट्याला आला असता तर मीही कदाचित हेच केले असते. घासणाऱ्याचा विचार न करता कोणालाही ‘वापराच’ असे सांगणे चूक आहे, हे मान्य करते.

कल्हईच्या बाबतीत मात्र माघार घेत नाही, कारण ती भीतीची नव्हे, माहितीची गोष्ट आहे. मी कथलाची कांडी खात्रीच्या दुकानातून स्वतः आणते आणि काम समोर बसून करून घेते. पातेले निखाऱ्यावर तापते, नवसागराची चिमूट पडते, पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कांडी टेकवली की कथील पाण्यासारखे पळते आणि कापसाच्या बोळ्याने दोन-तीन फेऱ्यांत आतली बाजू चांदीसारखी होते. आत पिवळा ठिपका दिसू लागला की त्या दिवसापासून त्यात आंबट शिजवायचे नाही आणि पुढच्या कल्हईची सोय पाहायची. कोरडे भाजणे, फोडणीसाठी रिकामे तापवणे आणि रात्रभर कढी ठेवणे या तीन गोष्टी मी त्यात कधीच करत नाही. त्यासाठी बीडाची कढई आणि स्टीलचे पातेले आहे.

भाता, तुमच्यापुढे माझे ‘घेऊ नये’ मागे घेते. कुंडीवर चालणारा हातोडाच उद्या पातेले घडवेल, हे माझ्या लक्षात आले नव्हते. एक विनंती मात्र आहे. पावतीवर धातूचे वजन आणि मजुरी वेगळी लिहून दिली, तर निदान मी तरी दुकानात दुसऱ्या पातेल्याशी काटा लावणार नाही. मला भात शिजवायच्या तपेल्याला खोल झाकण हवे आहे, वर निखारे नव्हे, पण पाणी ठेवता येईल असे. सासऱ्यांना विचारून कळवाल का?

भाता

विचारले. तपेल्याच्या तोंडाचे माप आतून घेऊन पाठवा. बाहेरून घेतलेले माप झाकणाला चालत नाही, असे त्यांनी सांगितले आहे.