डीम म्हणजे ‘वाटणं’ नाही

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात आमच्या शेजारी काकू राहतात, त्यांना एका ऑफिसातनं पत्र आलं, पेन्शनचं प्रकरण, आणि खाली शेवटची ओळ अशी की तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर अर्ज ‘शॅल बी डीम्ड विथड्रॉन’. नातवानं मोबाइलवर अर्थ बघितला आणि सांगितलं, आजी, तू अर्ज मागे घेतलास असं त्यांना वाटेल. काकू म्हणाल्या वाटेना का, मी घेतलेला नाही ना! सव्वा महिन्यानं गेल्या तर फाइल बंद. आता सगळे कागद पुन्हा. फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

डीम म्हणजे नुसतं थिंक नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ निवाडा करणं, डूम हा शब्दही त्याच मुळातला, आणि आइल ऑफ मॅन बेटावर न्यायाधीशाला आजही डीमस्टर म्हणतात. म्हणजे ज्याच्या हातात ठरवायचं आहे त्यानं ठरवलं की झालं, खरं तसं असो वा नसो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ बघा, पत्ता नीट लिहून, तिकीट लावून रजिस्टर्ड पोस्टानं टाकलं की ते पोचलं असं डीम होतं, पोचलं नाही हे सिद्ध करायचं तर तुम्ही करा.

आपल्या ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था १९९५ पासून डीम्ड युनिव्हर्सिटी आहे ती पण अशीच, विद्यापीठ म्हणून वेगळा कायदा नाही, यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली केंद्रानं तो दर्जा दिला. इकडे हिंदीत त्याला मानित म्हणतात, महाराष्ट्रात अभिमत, आणि तिकडेच सोसायटीच्या जमिनीचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरनं जमीन नावावर करून दिली नाही तरी दिली असं मानणं, असेल तर मानीव अभिहस्तांतरण. अभिमत मला पटत नाही, त्यात ‘मत’ येतं आणि पुन्हा वाटण्याचाच घोटाळा होतो. मानीव बरा, पण तो कागदावरचा.

लिहिताना एक सांभाळा, ‘डीम इट नेसेसरी’ एवढंच पुरतं, मध्ये ॲज नको, अर्जांत सर्रास घालतात.

बोलीत मला ‘धरणं’ सगळ्यात चपखल वाटतं, हजेरीला नाही आला तर गैरहजर धरतात ना, तसंच. काकूंना म्हटलं, उत्तर नाही दिलं तर अर्ज मागे घेतला असं धरतील. लगेच म्हणाल्या, अगं बाई, मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलं कुणी?