तेरा सामने, तेरा विजय आणि पाचवा क्रमांक : २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटला वगळणे योग्य होते का?

दक्षिणवारा :

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा २०२३ चा हंगाम संपून बराच काळ लोटला, तरी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाचे त्या वर्षी जे झाले त्याचा न्याय लागलेला नाही, असे माझे मत आहे, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

माईक नॉर्व्हेल यांनी २०१९ च्या अखेरीस टॅलाहासीत, म्हणजे फ्लोरिडा स्टेटच्या गावी, प्रशिक्षकपद स्वीकारले, तेव्हा संघाची रया गेली होती. पहिल्या हंगामात ३ विजय व ६ पराभव, दुसऱ्यात ५ विजय व ७ पराभव, अशी अवस्था होती. तिथून २०२२ मध्ये १० विजयांपर्यंत मजल गेली आणि २०२३ मध्ये तर प्लेऑफची निवड होईपर्यंत संघ एकही सामना हरला नाही. पहिल्याच सामन्यात ऑर्लँडो येथे त्यांनी एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) ४५-२४ असे लोळवले. त्या एलएसयूचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जेडन डॅनियल्स होता आणि त्याच हंगामाअखेर त्याला सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन करंडक मिळाला. नंतर क्लेम्सनला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत ३१-२४ असे हरवले. क्लेम्सनवर २०१४ नंतर मिळवलेला हा पहिला विजय होता.

१८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामासारख्या दुबळ्या संघाविरुद्ध खेळताना क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस चेंडू घेऊन धावला, पकडला गेला, आणि त्याचा डावा पाय असा काही मुडपला की त्याला गाडीवर घालूनच मैदानाबाहेर न्यावे लागले. त्याचा हंगाम तिथेच संपला. तो सामना संघाने ०-१३ अशा पिछाडीवरून ५८-१३ असा जिंकला. पुढच्या आठवड्यात गेन्झव्हिलला जाऊन, राखीव क्वार्टरबॅक टेट रोडमेकरला घेऊन, फ्लोरिडा विद्यापीठाला २४-१५ असे हरवले. त्यानंतर रोडमेकरच्याही डोक्याला मार बसल्यामुळे एसीसी या आपल्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्यात ब्रॉक ग्लेन या पहिल्या वर्षाच्या, तिसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकवर भिस्त ठेवावी लागली. तरीही लुइव्हिलला १६-६ असे नमवून संघ विजेता ठरला.

त्या काळी राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) चारच संघ जात आणि ते तेरा सदस्यांची निवड समिती ठरवत असे. लुइव्हिलवरील विजयापूर्वी समितीनेच फ्लोरिडा स्टेटला चौथे स्थान दिले होते. सामना जिंकल्यावर, ३ डिसेंबरला, तो संघ पाचवा झाला. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा हे चौघे आत गेले. चार संघांच्या प्लेऑफच्या दहा हंगामांत, प्रमुख पाच कॉन्फरन्सपैकी एखाद्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहिल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. जिंकून स्थान गमवावे लागते, तर मग सामने खेळवायचे तरी कशासाठी?

चौथा_डाऊन :

धागाकर्त्यांचा संताप समजतो, पण निष्कर्षाशी असहमत आहे.

गुणवत्ता सिद्ध केलेल्या संघांना बक्षीस देणे हे समितीचे काम नव्हते; सर्वोत्तम चार संघ निवडणे हे काम होते, आणि या दोन गोष्टी नेहमी एकच असतात असे नाही. समितीच्या लेखी निकषांत महत्त्वाचा खेळाडू वा प्रशिक्षक उपलब्ध नसल्यास पुढील सामन्यांवर त्याचा काय परिणाम होईल, याचा विचार करण्याची स्पष्ट मुभा होती. हा नियम फ्लोरिडा स्टेटसाठी रातोरात बनवलेला नव्हता. समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन यांनीही तेच कारण दिले : ट्रॅव्हिसविना हा संघ पहिल्या अकरा आठवड्यांतला संघ राहिलेला नाही.

आता तो संघ कसा उरला होता हे पाहू. लुइव्हिलविरुद्ध ग्लेनने २१ पैकी ८ फेकी अचूक केल्या आणि त्यातून मिळाले अवघे ५५ यार्ड. लॉरन्स टोफिली ११८ यार्ड धावला नसता तर आक्रमण म्हणण्यासारखे तिथे काही नव्हते. गेन्झव्हिलच्या विजयाचा उल्लेख झाला, पण फ्लोरिडाचाही मुख्य क्वार्टरबॅक ग्रॅहम मर्ट्झ गळ्याच्या हाडाला दुखापत होऊन बाहेर बसला होता आणि तो संघ त्या वर्षी ५-७ वर थांबला, हे सोयीस्करपणे गाळले गेले.

२०१४ चे ओहायो स्टेटचे उदाहरण या वादात हमखास येते, म्हणून मीच आधी देतो. त्यांचेही दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते आणि तिसरा, कार्डेल जोन्स, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात उतरला. त्याने विस्कॉन्सिनला ५९-० असे हरवले. समितीने ते पाहिले, त्यांना घेतले, आणि तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला. संधी दोघांनाही मिळाली होती. एकाने ५९ गुण केले, दुसऱ्याने १६.

दक्षिणवारा :

५९ आणि १६ यांची तुलना करताना लुइव्हिलच्या सहा गुणांचा विसर पडला. चौदाव्या क्रमांकाच्या संघाला संपूर्ण सामन्यात १८८ यार्डांवर रोखणे हा खेळ नव्हे काय? ब्रेडन फिस्के या बचावपटूने एकट्याने तीन वेळा क्वार्टरबॅकला आडवे केले. क्वार्टरबॅक गेला म्हणून बचावफळीही गेली, असे समितीने गृहीत धरले. ट्रॅव्हिसने निकालानंतर लिहिले की आपला पाय हंगामात आधीच मोडायला हवा होता, म्हणजे हा संघ एका क्वार्टरबॅकपुरता नाही हे सर्वांना दिसले असते. एका विद्यार्थी खेळाडूला स्वतःची दुखापत उशिरा झाल्याची खंत वाटावी, यातच त्या निकषाचे सारे आले.

बारामतीकर_टस्कलूसात :

माझे वास्तव्य अलाबामात आहे, त्यामुळे माझा कल कुठे असेल हे सांगायला नको. तरी एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सुटते आहे, ती मांडतो.

हा वाद फ्लोरिडा स्टेट विरुद्ध अलाबामा असा रंगवला जातो, पण खरी अडचण टेक्सासची होती. टेक्सासने ९ सप्टेंबरला अलाबामाला इथेच, आमच्या मैदानावर, ३४-२४ असे हरवले होते. दोघांच्याही नावावर एकेक पराभव आणि दोघेही आपापल्या कॉन्फरन्सचे विजेते, म्हणजे टेक्सासला बाहेर ठेवून अलाबामाला घेणे कोणत्याही तर्काला धरून झाले नसते. मिशिगन आणि वॉशिंग्टन अपराजित. उरल्या दोन जागा. त्यामुळे समितीपुढे दोनच रास्त पर्याय होते : टेक्सास आणि फ्लोरिडा स्टेट, किंवा टेक्सास आणि अलाबामा. पहिला पर्याय निवडला असता तर लागोपाठ २९ सामने जिंकलेल्या जॉर्जियाला आदल्याच दिवशी २७-२४ असे हरवणारा संघ घरी बसला असता. त्या हंगामात कोणत्याही संघाने मिळवलेला हा सर्वांत मोठा विजय होता, आणि त्याला काहीच किंमत नाही असे म्हणणे मला पटत नाही.

रेषेबाहेर :

बारामतीकर, विजय मोठा होता यात शंका नाही. परंतु जॉर्जियाला हरवण्याच्या आदल्या आठवड्यात आपल्या संघाने काय केले, तेही सांगून टाका. ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटात चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, ३१ यार्डांची गरज, आणि जेलन मिलरोने टोकाच्या कोपऱ्यात फेकलेला चेंडू आयझाया बाँडच्या हाती लागला म्हणून २७-२४ असे निभावले. त्याच ऑबर्नला आठवडाभर आधी न्यू मेक्सिको स्टेटने त्यांच्या घरी ३१-१० असे धुतले होते. सप्टेंबरमध्ये साउथ फ्लोरिडाविरुद्धचा १७-३ हा विजयही डोळ्यांचे पारणे फेडणारा नव्हता. अलाबामाचे वाईट सामने 'जुने' म्हणून माफ आणि फ्लोरिडा स्टेटचे चांगले सामनेही 'जुने' म्हणून रद्द, हा कुठला हिशेब?

माझा आक्षेप निकालापेक्षा निकषाच्या स्वरूपावर आहे. क्रिकेटच्या साखळीत नेट रनरेटमुळे संघ बाहेर पडतो तेव्हा चाहते हळहळतात, पण तो आकडा सर्वांपुढे असतो आणि शेवटच्या षटकात किती धावा हव्यात हे फलंदाजालाही ठाऊक असते. ब्रॉक ग्लेनला किती गुणांनी जिंकायचे होते? १६-६ पुरेसे नव्हते, मग २६-६ पुरले असते का? हे सामन्याआधी कोणी सांगितले नव्हते, आणि नंतरही कोणी सांगितलेले नाही.

चौथा_डाऊन :

आकडा सांगता येत नाही, कारण निवड हा अंदाजच असतो. बारा किंवा तेरा सामने खेळलेल्या, एकमेकांशी क्वचितच भिडलेल्या शंभराहून अधिक संघांतून चार निवडायचे तर गुणतक्ता पुरत नाही. निव्वळ अपराजित असणे हाच निकष असता, तर २०१७ मध्ये एकही सामना न हरलेल्या सेंट्रल फ्लोरिडालाही घ्यावे लागले असते. तेव्हा टॅलाहासीतून मोर्चे निघाल्याचे स्मरत नाही.

नवा_वाचक :

३० डिसेंबरच्या ऑरेंज बाउल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले. बाउल सामन्यांच्या इतिहासातील हे सर्वांत मोठे अंतर आहे. यानंतर चर्चेला जागा उरते का?

रेषेबाहेर :

उरते. त्या सामन्यात किऑन कोलमन, जॉनी विल्सन, ट्रे बेन्सन, जॅरेड व्हर्स यांच्यासह दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत. काहींनी एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी अंग राखले, रोडमेकर दुसऱ्या विद्यापीठाच्या शोधात ट्रान्सफर पोर्टलमध्ये गेला. प्लेऑफचा उपांत्य सामना असता तर यांतले बहुतेक खेळले असते. वगळल्यामुळे जो संघ विस्कटला, त्याच्या पराभवावरून वगळणे योग्य होते असे सिद्ध करणे म्हणजे उलटी गंगा आहे.

बारामतीकर_टस्कलूसात :

या एका मुद्द्यावर रेषेबाहेर यांच्याशी सहमत आहे. ६३-३ हा पुरावा नव्हे. मात्र मग अलाबामाने रोझ बाउलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, मिशिगनला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि २०-२७ असा निसटता पराभव पत्करला, आणि तीच मिशिगन पुढे विजेती ठरली, हाही पुरावा नव्हे, हे मला मान्य करावे लागेल. ३ डिसेंबरच्या सकाळी जे ठाऊक होते तेवढ्यावरच निर्णय तपासायला हवा, आणि त्या दिवशीच्या माहितीवर मी आजही अलाबामालाच घेईन.

दक्षिणवारा :

आणि त्याच माहितीवर मी फ्लोरिडा स्टेटला घेईन, कारण 'आता काय होईल' याची माहिती त्या दिवशी कोणाकडेच नव्हती. होती ती 'आजवर काय झाले' याची. शिवाय हा निर्णय मैदानापुरता राहिला नाही. त्याच महिन्यात विद्यापीठाने एसीसीविरुद्ध लिऑन काउंटीत दावा ठोकला आणि एसीसीने नॉर्थ कॅरोलिनात. त्या कज्जाचे मूळ दूरचित्रवाणी हक्कांत आणि पैशांतच होते, हे खरे. पण अपराजित राहूनही ही कॉन्फरन्स आपल्याला प्लेऑफपर्यंत नेऊ शकत नाही, हा युक्तिवाद त्यांच्या हाती या समितीने आयता दिला.

चौथा_डाऊन :

२०२४ मध्ये बारा संघ घेण्यास सुरुवात झाली आणि कॉन्फरन्स विजेत्यांपैकी क्रमवारीतील वरच्या पाचांना थेट प्रवेश मिळाला. त्या व्यवस्थेत फ्लोरिडा स्टेट अलगद आत गेला असता, तेव्हा दुरुस्ती झालेली आहे.

रेषेबाहेर :

विजेत्यांपुरती झाली, समितीच्या अंदाजपंचे कारभारापुरती नाही. २०२४ च्या पहिल्याच बारा संघांत एसएमयूला (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला) घेतले. त्यांनी एसीसीचा अंतिम सामना क्लेम्सनविरुद्ध ३१-३४ असा गमावला होता. आणि बाहेर कोण राहिले, तर तीन पराभव झालेला अलाबामा. त्या वेळी समितीने भविष्यापेक्षा निकालपत्रकाला वजन दिले. हे योग्यच झाले असे मी म्हणेन, पण मग २०२३ मध्ये तेच वजन कुठे गेले होते, याचे उत्तर चौथा_डाऊन यांनी द्यावे.

चौथा_डाऊन :

देतो. एसएमयूचा क्वार्टरबॅक धडधाकट होता.