एमजीबी इंजिन : हेडचे नट पुन्हा कसताना आधी सैल करायचे का?

नमस्कार मंडळी,

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगवालं (बी-सिरीज) इंजिन नव्याने बांधून गाडीत बसवलंय. हेडचं फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं) झालंय, स्टड (ब्लॉकमध्ये बसणारे आट्यांचे दांडे), नट, वॉशर सगळे नवे, हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट कॉम्पोझिट. ऑइल प्रेशर उत्तम, आवाजही स्वच्छ. आता सुरुवातीचं रनिंग झाल्यावर हेडचे नट पुन्हा कसायचे आहेत आणि त्यावरून दोन जाणकारांची दोन मतं पडली आहेत.

एकाचं म्हणणं, टॉर्क रेंच (ठरलेला जोर लागला की क्लिक करणारा पाना) ५० फूट-पाउंडवर (साधारण ६८ न्यूटन-मीटर) ठेवा, मधून सुरुवात करून ठरलेल्या क्रमाने बाहेर जा, क्लिक झालं की पुढचा नट. दुसऱ्याला हे मान्य नाही. बसलेला नट जागचा हलवायलाच जास्त जोर लागतो. गॅस्केट दबून स्टडवरचा ताण उतरला असला तरी नट न हलताच रेंच क्लिक करतो. म्हणून एका वेळी एकच नट पाव फेरा सैल करायचा आणि सलग एका ओढीत ५० पर्यंत आणायचा, तोवर बाकीच्यांना हात लावायचा नाही. मला हेच पटतं.

अडचण अशी की नट सैल करताना त्याच्याबरोबर स्टडच ब्लॉकमधून फिरला तर? स्टड ब्लॉकमध्ये हातानेच बसवलेत, पान्याने आवळलेले नाहीत, आणि ते तसंच हवं. स्टडचं टोक आणि नट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवायचा विचार आहे. रेघ तुटली तर फक्त नट फिरला, अख्खी रेघच फिरली तर स्टड फिरला. पण स्टड फिरलाच तर तो नट पूर्ण काढून, आट्यांना तेल लावून पुन्हा कसणं पुरेल का? बांधताना आट्यांना तेल लावलं होतं, त्यामुळे आता कोरडं कसून चालणार नाही, तोच आकडा कमी ताण देईल.

हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे, म्हणून इंजिन पूर्ण थंड असतानाच कसणार आहे. हेडच्या नटांपैकी चार रॉकर पेडेस्टलवरच येतात, तेव्हा नंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.०१५ इंचावर पुन्हा लावणं आलंच (पहिला व्हॉल्व्ह बघताना आठवा पूर्ण उघडा, बेरीज नऊ, त्या हिशोबाने).

खरी काळजी वेगळीच आहे. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, मागच्या कोपऱ्यातल्या स्टडजवळ, थंड इंजिनवर कूलंटची बारीक हिरवट कड दिसते. पुसली की दुसऱ्या दिवशी परत येते. तेल दुधाळ नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पातळीही फारशी उतरत नाही.

एवढी पाझर नट कसल्यावर थांबलेली कुणी पाहिली आहे का? की त्या स्टडभोवती ब्लॉकचा पृष्ठभाग वर उचलला गेला असेल आणि हेड काढून भोकाच्या तोंडाला चॅम्फर (तिरकी कड) मारूनच ते सुटेल? बी-सिरीज इंजिनवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी जरूर सांगा, तोवर गाडी हलवत नाही.